दुसऱ्याच्या तपासावर देखरेख ठेवायला कसं शिकायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठ वर्षं पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, म्हणून स्वतः तपास केलात, आता एपीआय (सहायक निरीक्षक) होऊन नवी मुंबईत आलात, सिनियर साहेबांनी पाच पीएसआयच्या गुन्ह्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी दिली, आणि आता रोज रात्री अकरा-साडेअकराला त्यांच्या केस डायऱ्या (तपासाच्या रोजच्या नोंदी) तुम्हीच लिहिताय, पंचनामे तुम्हीच सुधारताय, आणि विचारताय की वरच्या लेव्हलचा तपास आणि सुपरव्हिजन शिकायला कुठला कोर्स करू.

कोर्सचं शेवटी सांगतो, ते दोन मिनिटांचं काम आहे. आधी त्या रात्रीच्या डायरीबद्दल बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

मी एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) म्हणून रिटायर झालो, ३२ वर्षांतली निम्म्याहून जास्त ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयात गेली, त्यामुळे तुमचं पोलीस स्टेशन कसं असेल ते डोळ्यासमोर येतं. तुम्ही त्या पोराची डायरी लिहून देता तेव्हा त्या दिवसाचं काम निघून जातं. पण चार-पाच वर्षांनी सेशन्स कोर्टात साक्षीला तो उभा राहणार आहे. आरोपीचा वकील विचारणार, पंचनाम्यात हे वाक्य का लिहिलं, या साक्षीदाराकडे सहा दिवसांनी का गेलात, आणि त्याला ते सांगता येणार नाही, कारण ते वाक्य त्याने कधी विचार करून लिहिलेलंच नाही. बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १९२ डायरी दिवसाच्या दिवस लिहायला सांगतं, आणि लिहायची ज्याने तपास केला त्याने. म्हणून पहिली गोष्ट, उद्यापासून पेन त्याच्या हातातून घेऊ नका. प्रश्न तुम्ही विचारा, वाक्य त्याचं राहू द्या, वाकडंतिकडं झालं तरी चालेल.

आता मग सुपरव्हायझरने करायचं काय? माझ्या मते एकच प्रश्न सतत विचारत राहायचा: हे आपल्याला कशावरून कळलं? ऐकायला सोपा वाटतो पण मला हा प्रश्न नीट विचारायला एक केस हरावी लागली.

मी पीआय क्राइम (गुन्हे बघणारा पोलीस निरीक्षक) होतो, कुठलं पोलीस स्टेशन ते राहू दे. ऐरोलीत एका सोसायटीत रात्रीची घरफोडी, सोन्याचे दागिने गेले. सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मशीन, वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली, वर जुन्या वह्या आणि छत्र्या. आरोपी जिन्यातून पिशवी घेऊन उतरताना स्पष्ट दिसतो, स्क्रीनवर वेळ २ वाजून ४० मिनिटं. पीएसआय हुशार होता, पंचनामा स्वच्छ लिहिला, वेळ २:४० टाकली. सीडीआर (फोन कंपनीचा कॉल रेकॉर्ड) आला, त्यात २:३८ ला आरोपीचा फोन मुलुंडच्या टॉवरवर, खाडीपुलाच्या पलीकडे. कोर्टात वकिलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, सरकारी पुराव्यानुसारच माझा अशील मुलुंडला होता, मग दोन मिनिटांनी ऐरोलीच्या जिन्यात कसा? संशयाचा फायदा मिळाला, सुटला.

नंतर कळलं की तो डीव्हीआर २२ मिनिटं पुढे होता. म्हणजे खरी वेळ २:१८, आणि वीस मिनिटांत माणूस पूल ओलांडून मुलुंडला, सगळं जुळत होतं, आमचा सगळ्यात चांगला पुरावा तोच होता आणि तोच आरोपीच्या कामाला आला. मी ते पान तीनदा वाचलं होतं. म्हणजे सह्या, पंचांची नावं, पान नंबर, मुद्देमालाचं वर्णन, हे सगळं तपासलं होतं. पण २:४० हे आपल्याला कशावरून कळलं, डीव्हीआरच्या घड्याळावरून, मग ते घड्याळ बरोबर आहे हे कशावरून, हे विचारलं नाही. डीव्हीआर ताब्यात घेताना पंचांसमोर मोबाईलची वेळ आणि स्क्रीनची वेळ दोन्ही लिहायच्या, फरक किती ते लिहायचं, दोन्ही एका फोटोत घ्यायच्या. एक मिनिटाचं काम आहे. घरमालकीण बाई निकालाच्या दिवशी कोर्टात होत्या, मी त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

तर कागद वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे एक अक्षर टाका, कोणी पाहिलं तर प, कोणी ऐकलं तर ऐ, आणि आपण अंदाज केला तर अं. जिथे जिथे अं येईल तिथे पीएसआयला बोलवा. पहिल्या महिन्यात तुम्हालाच धक्का बसेल की आपण खात्रीने बोलतो त्यातलं किती अं आहे. परिस्थितीजन्य पुराव्याबद्दल सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये शरद सारडा केसमध्ये पाच तत्त्वं सांगितली, पुण्याची केस होती ती, निकालातच त्याला पंचशील म्हटलंय. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यातलं अंतर किती मोठं आहे हे त्यात आहे, तपासी अंमलदाराने पाठ करण्यापेक्षा समोर एक चालू केस ठेवून ते वाचावं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पहिला अंदाज एकदा धरला की सगळं पोलीस स्टेशन त्याच्या मागे पळतं, आणि त्याला थांबवायचं काम फक्त सुपरव्हायझर करू शकतो, कारण तपासी अंमलदार त्यात बुडालेला असतो. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात शेतावरच्या झोपडीत दरोडा पडला, पाच खून, बलात्कार. सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना तीच शिक्षा दिली. आणि २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर जी बाई वाचली होती तिने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून वेगळीच चार माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. सहाही जण भटक्या जमातीतले. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख द्यायला लावले आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. माणसाची १६ वर्षं जेलमध्ये गेली, आणि खरे गुन्हेगार कोण हे आज कोणाला माहीत? मी या केसमध्ये कुठेही नव्हतो, पण हा निकाल वाचून दोन दिवस मला झोप लागली नव्हती. तो अल्बमचा कागद फाईलमध्ये होताच ना, कोणीतरी वरच्या माणसाने उघडून विचारायला हवं होतं की हिने ओळखलेले हे चौघं कुठायत.

म्हणून मी नंतर एक पद्धत पाडली. आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी जमायचं, पाऊण तास, एका पीएसआयची फाईल दुसऱ्या पीएसआयने आरोपीचा वकील म्हणून वाचायची. पहिल्या दोन वेळा पोरं एकमेकांना सांभाळून घेतात, तिसऱ्या वेळी खरं बोलायला लागतात. एक नियम कडक पाळा, तिथे निघालेल्या चुकीवरून कोणाला बोलायचं नाही, मेमो (लेखी जाब) तर मुळीच नाही. बंदोबस्तामुळे बुधवार चुकेल, गणपतीत तर पूर्ण महिना जाईल, तरी परत चालू करायचं.

मेमोवरून सांगतो. तुमच्या पीएसआयला वाईट बातमी तुमच्याकडे घेऊन येता आली पाहिजे. मुद्देमालाचं सील बरोबर लागलं नाही, पंच फिरला, सीसीटीव्ही घ्यायला उशीर झाला आणि वरून रेकॉर्डिंग झालं, हे त्याने त्याच दिवशी येऊन सांगितलं तर नव्वद टक्के वेळा मार्ग असतो, जे झालं ते तसंच डायरीत लिहायचं, उशिराचं कारण लिहायचं, दुसरा पुरावा शोधायचा. तुम्ही ओरडलात तर पुढच्या वेळी तो येणार नाही, मागची तारीख टाकून कागद करेल. आणि मागच्या तारखेचा एक कागद पकडला गेला की त्या केसमधला खरा कागदही कोर्ट खोटा धरतं. माझ्या हाताखालच्या एकाने असं केलं होतं, चूक फार छोटी होती, मला घाबरून केलं त्याने. ते माझ्यावर आहे असंच मी आजही मानतो.

घटनास्थळी तुम्ही स्वतः जा. खून, बलात्कार, दरोडा यात तर जालच, पण अकस्मात मृत्यूतही जा, खरी फसगत तिथे होते. एक उदाहरण देतो. मुंब्र्याकडच्या खाडीत रेतीबंदरला एका माणसाची बॉडी मिळाली, नवीन पीएसआय होता, त्याने एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) नोंदवला, पंचनामा केला आणि मला फोनवर म्हणाला सर बुडून मृत्यू दिसतोय, आत्महत्या असावी. मी गेलो. काठावर उभं राहून मी त्याला काहीच सांगितलं नाही, तीन गोष्टी विचारल्या. हा इथेच पाण्यात पडला हे कशावरून? चपला कुठायत? आणि खिशात काय आहे? खिशात भिजून लगदा झालेली स्टेशनच्या पार्किंगची पावती होती, ती त्याने मुद्देमालात लिहिली होती पण उघडून पाहिली नव्हती. मग तोच पोरगा कामाला लागला. कोळीवाड्यात जाऊन एका म्हाताऱ्या नाखव्याला विचारून आला की दोन दिवसांपूर्वी रात्री भरती-ओहोटी कशी होती, कारण बॉडी आधी तळाला जाते आणि एक-दोन दिवसांनी फुगून वर येते, तोपर्यंत पाणी तिला कुठून कुठे नेईल सांगता येत नाही. पार्किंगमध्ये बाईक तशीच उभी, डिकीत जेवणाचा डबा, धुतलेला नव्हता. तिथल्या कॅमेऱ्यात तो दोन माणसांबरोबर हसत बाहेर पडताना दिसला. एडीआरचा पुढे खुनाचा गुन्हा झाला. मी त्याला काठावरच सांगितलं असतं की पार्किंगला जा, कोळीवाड्यात जा, तर तो गेला असता, पण पुढच्या बॉडीच्या वेळी परत माझ्या फोनची वाट बघत बसला असता.

खाडीचं निघालंय तर हेही डोक्यात ठेवा, आपल्या भागात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रेल्वे पोलीस असे चार वेगळे कारभार एकमेकांना चिकटून आहेत. मिसिंग एकीकडे, बॉडी दुसरीकडे, गाडी तिसरीकडे. हद्दीवरून फिर्यादीला फिरवायचं नाही, कलम १७३ मध्ये आता झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो फिर्याद घ्यायची, हे स्पष्ट लिहिलंय. हे तुमचे पीएसआय पाळतात की नाही ते ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी एक रात्र बसून बघा.

आता जबाब. पाचही पीएसआयचे जबाब काढा आणि वाचा, मी पैजेवर सांगतो की कोपरखैरण्याची घरकाम करणारी बाई आणि वाशीचा व्यापारी एकाच भाषेत बोलत असतील, 'सदर इसमाने माझ्याशी हुज्जत घालून'. कोण बोलतं असं? कॉम्प्युटरवर आधीचा जबाब कॉपी करून नावं बदलायची सवय लागलीय सगळ्यांना. मग कोर्टात वकील त्या बाईला विचारतो, बाई हुज्जत म्हणजे काय, ती गप्प, आणि वकील म्हणतो हा जबाब हिचा नाहीच. तुम्ही एका जबाबाला शेजारी बसा, एक अक्षर न बोलता. पीएसआय पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐका. 'त्याने चाकू काढला ना?' असं विचारलं तर उत्तर पण त्यानेच दिलेलं असतं. 'काय झालं ते सुरुवातीपासून सांगा' म्हणायचं आणि थांबायचं, मधे शांतता झाली तरी थांबायचं, माणूस आपोआप पुढे बोलतो. जे शब्द तो वापरेल तेच उतरवायचे. आणि बायका, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष यांना जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलवायचं नाही, त्यांच्या घरी जायचं, कलम १७९ आहे, नव्या कायद्यात पुरुषांचं वय ६५ वरून ६० केलंय हे बऱ्याच जणांच्या लक्षात नाही.

निवेदन पंचनाम्याचंही तसंच. आरोपी म्हणतो 'मैं दिखाता हूँ, नाले के पास फेंका है' आणि पंचनाम्यात येतं 'आरोपीने स्वखुशीने गुन्ह्यात वापरलेले हत्यार काढून देतो असे निवेदन केले'. त्याचे जसेच्या तसे शब्द, त्याच्या भाषेत हवेत, आणि पंच निवेदनाच्या आधीपासून समोर हवेत. २०२२ मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक या निकालात सुप्रीम कोर्टाने हे पायरी पायरीने सांगितलंय, तुमच्या पाचही जणांना ती पानं प्रिंट करून द्या.

१ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाल्यापासून एक नवीन जागा झालीय जिथे केस पडू शकते. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात कलम १७६ प्रमाणे फॉरेन्सिकवाल्यांना घटनास्थळी बोलवायचं. पोरं व्हिडिओ काढतात, ई-साक्ष्यवर (पुराव्यासाठीचं सरकारी अ‍ॅप) टाकतात आणि पंचनामा नंतर ऑफिसला येऊन जुन्या साच्यात लिहितात. आता कोर्टात व्हिडिओ आणि कागद दोन्ही जाणार. व्हिडिओत कपाट उघडं दिसतंय आणि पंचनाम्यात कुलूप तोडून उघडलं असं असेल तर काय होईल? म्हणून निदान मोठ्या गुन्ह्यात तरी पंचनामा हातात धरून व्हिडिओ स्वतः पूर्ण बघा. मोबाईल, पेन ड्राइव्ह असेल तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट दोन भागात लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाचा, आणि दोन्ही भागांत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा. आणि ते डिव्हाइस कोणाकडून कोणाकडे गेलं तो क्रम आता दोषारोपपत्रातच द्यावा लागतो, म्हणजे मुद्देमाल कारकुनाचं रजिस्टर तुम्ही महिन्यातून एकदा उघडलंच पाहिजे.

वेळेसाठी एक साधी दोनशेपानी वही करा, मोबाईलवर नको, वही. प्रत्येक गुन्ह्यापुढे दोनच तारखा. एक, या केसमधला कुठला पुरावा सगळ्यात आधी नष्ट होणार आणि कधी. सोसायट्यांचे कॅमेरे पंधरा दिवस ते महिनाभरात स्वतःवरच रेकॉर्ड करतात, सायबर फसवणुकीत तर तासांचा हिशोब असतो, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन जाऊन पैसे होल्ड झाले का हे फिर्याद लिहिण्याआधी विचारायचं. दुसरी तारीख दोषारोपपत्राची, ६० किंवा ९० दिवस, पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचे, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा वाद मिटवलाय. आणि फिर्यादीला तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवायचंय, कलम १९३, हे मी कायदा नव्हता तेव्हाही करायला लावायचो, कारण कळवायला फोन केला की फिर्यादीला काहीतरी नवीन आठवतं.

केसेस वाटताना एक लक्ष ठेवा, ज्याचं लिखाण चांगलं त्याच्याच गळ्यात सगळे फसवणुकीचे गुन्हे टाकायचे असं होतं, तो दोन वर्षांत पिचतो आणि बाकीचे शिकत नाहीत.

कोर्स विचारलात. केंद्राच्या गुप्तचर प्रशिक्षण संस्था, सीडीटीआय, कोलकाता, हैदराबाद, चंदीगड, गाझियाबाद, जयपूरला आहेत, तिथल्या तपासाच्या कोर्सला नाव द्या, दुसऱ्या राज्यांचे अधिकारी भेटतात हा मोठा फायदा. सायबरसाठी केंद्राचं सायट्रेन हे प्रशिक्षण पोर्टल ऑनलाइन आहे, फुकट आहे, पाचही जणांना करायला लावा. पण माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगला कोर्स तुमच्या पोलीस स्टेशनच्या नावाने सुटलेल्या केसेसचे निकाल आहेत. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की प्रत्येक निर्दोष सुटलेल्या केसची तपासणी करा, चूक कुठे झाली ते काढा आणि त्यातूनच प्रशिक्षण द्या. निकाल ई-कोर्ट्सवर मिळतात. आपल्याकडे साहेब लोक किती गुन्ह्यांचा छडा लागला ते क्राइम मीटिंगमध्ये विचारतात, आरोपी कसे सुटले ते कोणी वाचून दाखवत नाही.

मागच्या दोन वर्षांतला तुमच्याकडचा एक निकाल निवडा, जिथे जज्जसाहेबांनी तपासावर लिहिलंय तो परिच्छेद शोधा. मग एपीपींना (सहायक सरकारी वकिलांना) फोन करून विचारा की तशाच प्रकारच्या केसची उलटतपासणी कधी आहे, आणि त्या दिवशी ज्या पीएसआयची डायरी तुम्ही सगळ्यात जास्त लिहिता त्याला घेऊन बेलापूरला नाहीतर ठाण्याला कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. सिव्हिल ड्रेसमध्ये जा, पूर्ण दिवस धरून जा, साक्ष बऱ्याचदा जेवणानंतरच सुरू होते. येताना गाडीत तुम्ही काही बोलू नका, त्याला काय दिसलं ते त्याला सांगू द्या.